खाण्यापिण्यात साधे

सागरिका टॉवरच्या तिसऱ्या मजल्यावर गिऱ्हाइकांसाठी सजवलेल्या सॅम्पल फ्लॅटमध्ये खरं असं काहीच नव्हतं. फुलदाणीतली फुलं कापडाची होती, काचेच्या कपाटातले ग्रंथ पुठ्ठ्याचे होते, आणि टीव्हीच्या जागी टीव्हीचा नुसता खोका होता. खरी होती ती स्वयंपाकघरातली गॅसची शेगडी. आणि ती पेटते, हे साऱ्या इमारतीत एकट्या मिताली मानेला ठाऊक होतं.

इमारतीचं नावही या नियमाला अपवाद नव्हतं. बडोद्याला समुद्र नाही. विश्वामित्री आहे, तिच्यात मगरी आहेत, पण समुद्र नाही. परंतु देशाची दारं बाहेरच्या पैशाला उघडल्यापासून शहरं भूगोलाचं ऐकेनाशी झाली होती. अकोट्याच्या रस्त्यावर दहा मजली टॉवर उभा राहत होता, तर त्याला समुद्र हवाच होता. फाटकावरच्या फलकावर निळ्या लाटा रंगवल्या होत्या आणि लाटांच्या वर एक कुटुंब हसत होतं — आई, वडील, मुलगा, मुलगी. दात सगळ्यांचे सारखे.

मिताली या टॉवरची साइट इंजिनिअर. कलाभवनातून, म्हणजे बडोद्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून, सिव्हिल करून बाहेर पडलेली. साइटवर बायका पुष्कळ होत्या, पण त्यांच्या डोक्यावर घमेली होती. डोक्यावर हेल्मेट असलेली ही एकटीच. त्या सोमवारी दुपारी बाहेर पाऊस पडत होता. नव्याची नवलाई संपून सरकारी नोकरीला लागल्यासारखा तो आता रोज येई आणि मुकाट्याने पडून जाई. मितालीने ओलं हेल्मेट ओट्यावर पालथं ठेवलं, डबा उघडला आणि शेगडी पेटवली. रविवारचं मटण सोमवारी अधिक मुरतं, हे ज्याला कळत नाही त्याला काँक्रीटही कळणार नाही, असं तिचं ठाम मत होतं.

रस्सा नुकता खदखदू लागला होता. तेवढ्यात फ्लॅटचं दार उघडलं.

"आवो काका, आवो काकी... आ तमारुं ड्रॉइंग रूम. गॅलरीत उभं राहिलात ना, तर हवा चोख्खी असेल त्या दिवशी खंभातचा दरिया देखाय!"

आवाज तरुण होता, गुळगुळीत होता, आणि स्वयंपाकघराच्या दिशेने येत होता. मितालीने गॅस बंद केला. पण भाजलेल्या खोबऱ्याला आणि लवंगेला गॅस बंद झाल्याचं कुणी सांगत नाही. ती दोघं तशीच पुढे निघाली, बैठकीच्या खोलीत पोचली, आणि काकींनी नाकाला पदर लावला.

"आ शेनी वास आवे छे?" हा कसला वास?

दारात एक उंच, सावळा मुलगा उभा होता. पांढरा शर्ट, कमरेला पेजर, हातात छत्री. त्याने मितालीकडे पाहिलं, तिच्या हातातल्या डब्याकडे पाहिलं. त्याच्या गळ्याची घाटी वर जाऊन खाली आली. तोंडाला पाणी सुटलेला माणूस मितालीला ओळखता येत होता.

"नवुं वॉटरप्रूफिंग छे, काकी," तो मागे वळून शांतपणे म्हणाला. "केमिकलचा वास. बे दहाडामां, दोन दिवसांत, जतो रहेशे. — मॅडम तेच तपासतायत."

मितालीने डबा तपासल्यासारखं केलं.

गिऱ्हाईक गेलं. जिन्यावरची पावलं खाली उतरली आणि त्यातली दोन परत वर आली. दार पुन्हा उघडलं.

"खोबरं भाजून घातलंय," तो म्हणाला. मराठीत. "आणि खसखस. तुमच्या वॉटरप्रूफिंगमध्ये."

"तुम्ही मराठी?"

"ऑफिसमध्ये नाही."

तो हसला, पण ते हसू त्याच्या गिऱ्हाइकांसाठीच्या हसण्याहून जरा वाकडं होतं. आणि म्हणूनच असेल, मितालीला ते खरं वाटलं. त्या फ्लॅटमधली दुसरी खरी गोष्ट. तिने चपातीचा तुकडा मोडला, रश्शात बुडवला आणि त्याच्यापुढे धरला.

"घ्या. केमिकलची चव बघा."

* * *

त्याचं नाव कुणाल मयेकर. भेटपत्रावर मात्र नुसतंच कुणाल. मालवणच्या किनाऱ्यावरचं हे घराणं. वडील कोयलीच्या रिफायनरीत लागले आणि कुणाल तिथल्या क्वार्टरमध्ये वाढला. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून त्याची आई खिडक्या लावून सुके मासे भाजायची. दारं-खिडक्या लावून जेवायचं, आणि मग पंखा लावून खिडक्या उघडायच्या, असा त्यांच्या घरचा शिरस्ता होता. त्यामुळे विक्रीच्या ऑफिसात 'कुणालभाई' होऊन खमणवर दिवस काढणं त्याला अवघड गेलं नव्हतं.

त्या ऑफिसात एक प्रश्न होता. तो छापील माहितीपत्रकात नव्हता, अर्जात नव्हता, फलकावर नव्हता. गिऱ्हाइकाला फ्लॅट पसंत पडला, चहा झाला, की कुणालने जरा पुढे झुकून मऊ आवाजात विचारायचं — "अने... खावा-पीवामां तो सादा ने?" खाण्यापिण्यात साधे ना? उत्तर मनासारखं आलं तर पेढा. नाही आलं, तर तोच फ्लॅट नेमका काल मुंबईच्या पार्टीने घेतलेला निघे. कुणाचा अपमान होत नसे. आवाज चढत नसे. असल्या गोष्टींसाठी पूर्वी वेस लागे, पाणवठे लागत, काठ्या लागत. आता एक चहा पुरत होता. यालाच प्रगती म्हणतात.

"आणि तू विचारतोस?" मितालीने विचारलं. 'तुम्ही'चा 'तू' तिसऱ्या सोमवारीच झाला होता.

"मी नाही विचारलं तर दुसरा विचारेल."

"हे वाक्य फाशी देणारेसुद्धा म्हणतात."

"मिताली, तू जेवताना तरी भांडू नकोस ना. पोटाला चांगलं नसतं."

"माझ्या की तुझ्या? माझ्या डब्यातल्या तीन नळ्या तू खाल्ल्यास."

"दोन."

"तिसरी खिशात घातलीस का मग?"

तो खिसे चाचपून दाखवी, ती हसू दाबी, आणि खाली मिक्सर पुन्हा गरगरू लागला की हेल्मेट चढवून निघे. जाताना ती मागे वळून पाहत नसे. पण जिन्याच्या वळणावर तिची चाल उगाच मंदावे... आणि तो तिथवर पाहत राहिलेला असे.

मग श्रावण लागला आणि डब्यातून मटण गेलं. पहिल्या सोमवारी साबुदाण्याची खिचडी पाहून कुणालचं तोंड उतरलं.

"महिनाभर हेच?"

"महिनाभर मी तुमच्या टॉवरला पात्र आहे," मिताली म्हणाली. "भाद्रपदात पुन्हा मुंबईची पार्टी येईल."

त्याच महिन्यात तिने त्याला आठव्या स्लॅबवर नेलं. नवा स्लॅब वाळू द्यायचा नसतो. त्याच्यावर सिमेंट-वाळूचे वीतभर बांध घालून पाणी भरून ठेवतात, म्हणजे काँक्रीट मुरतं, घट्ट होतं. कुणालने हा प्रकार कधी पाहिला नव्हता. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर तो थबकला. साऱ्या मजल्यावर पाणी पसरलं होतं, घोट्याइतकंही नव्हे, पण या कडेपासून त्या कडेपर्यंत. त्यात ढग होते. वारा आला की त्यावर बारीक लाटा उठत.

"हा घे तुझा समुद्र," ती म्हणाली. "काका-काकींना गॅलरीतून दाखवतोस तो."

त्याने बूट काढले, पँट दुमडली, आणि पाण्यात उतरला. भुरभुर सुरू झाली होती; त्याच्या पापण्यांवर थेंब बसले होते आणि तो ते पुसत नव्हता.

"आजोळी गेलो की असंच..." तो म्हणाला. "ओहोटीला. पाणी पातळ होतं आणि वाळूवर आकाश उतरतं. मी रोज समुद्र विकतो, मिताली. आपलंच घर दुसऱ्याच्या नावाने विकल्यासारखं वाटतं."

तिने बूट काढले. पाणी गार होतं, आणि खालचं काँक्रीट आतून कोमट. मुरणाऱ्या काँक्रीटला ऊब असते, हे तिने त्याला पुस्तकातल्यासारखं समजावून सांगायला सुरुवात केली आणि मधेच सोडून दिलं, कारण त्याने तिचा हात धरला होता.

"घसरशील म्हणून," तो म्हणाला.

"रोज इथेच चालते मी."

"मग... मी घसरेन म्हणून."

उत्तरेला, ढगांच्या खाली, कोयलीच्या रिफायनरीची ज्योत जळत होती.

"मला सातव्या मजल्यावरचा पूर्वेचा फ्लॅट हवाय," मिताली एकदम म्हणाली. "वाडी भागातलं आमचं भाड्याचं घर मालक विकतोय. बँक कर्ज देतेय. आई-बाबांना घेऊन मी इथे राहणार आहे. तो मजला मी उभा केलाय, कुणाल. त्यात कुठे काय आहे ते मला डोळे मिटून सांगता येतं."

त्याच्या हातातली पकड सैल झाली.

"म्हणजे तो प्रश्न... मी तुला विचारायचा?"

"विचार की."

"आणि तू काय सांगणार?"

"खरं."

"मिताली, ऐक. एक शब्द तर बोलायचाय. 'हो' म्हण. मग खिडक्या लावून काय हवं ते कर. मी दोन वर्षं करतोयच ना! कुणाला कळलंय?"

तिने हात सोडवून घेतला.

"तुला कळलंय," ती म्हणाली. "तेवढं पुरे नाही? माझा पणजोबा महाराजांच्या घोडदळात होता. त्याने या शहरात उघड्यावर चूल मांडली. मी कर्ज काढून बंद खिडकीत जेवणार नाही."

* * *

प्रेमात पडलेला माणूस दोन प्रकारचा मूर्खपणा करतो. पहिला स्वतःसाठी, तो क्षम्य असतो. दुसरा तिच्या भल्यासाठी, तिला न विचारता. कुणालने दुसरा केला.

नवरात्राच्या तोंडावर तो शेठकडे गेला. टॉवरच्या मालकाला सगळे नुसतं शेठ म्हणत. सौम्य, हसतमुख, मुंगीलाही बाजूला करून पाऊल टाकणारा गृहस्थ. कुणालने सांगितलं, मितालीबेनना सातवा मजला हवाय, आणि घर एकदम साधं आहे, शेठ. मराठी आहेत, पण माळकरी. कांदासुद्धा मोजून. शेठना मिताली हवीच होती; दिवाळीआधी वरचा स्लॅब उरकायचा होता. ते प्रसन्न झाले आणि फ्लॅट तिच्या नावावर धरला. बुकिंगचं श्रीफळ आणि पेढे ते स्वतः घरी नेऊन देत, अशी त्यांची रीत होती. दिवस कोणता धरावा, असं त्यांनी विचारलं.

"नोम," कुणाल म्हणाला. "खंडेनवमी. चांगला दिवस आहे."

त्याने हिशेब केला होता. मयेकरांकडे नवरात्रात मासळीचा वाससुद्धा घरात येत नाही. नऊ दिवस चुलीवर फक्त डाळ-भात. साऱ्या वर्षात माळकरी दिसण्याइतकं निर्धोक दुसरं काही असेल, तर ते नवरात्रच. सगळे मराठी लोक आपल्यासारखेच देव पूजतात, असं त्या बिचाऱ्या मालवण्याने गृहीत धरलं. बडोद्याच्या मराठ्यांच्या घरी नवमीला तलवार पूजतात, आणि तलवारीला डाळ-भाताचा नैवेद्य चालत नाही, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

वाडीतली ती गल्ली अरुंद. शेठची गाडी नाक्यावरच राहिली. गल्लीत शिरता शिरताच कुणालला वास आला. भाजलेलं खोबरं. खसखस. लवंग. त्याला तो वास अंधारातही ओळखता आला असता. आणि हा डब्यातला नव्हता. चांगला पातेलंभर होता.

माने मंडळी बैठ्या घराच्या पुढच्या खोलीत जमली होती. पाटावर पणजोबांची तलवार, तिला हळदकुंकू, झेंडूची माळ. तलवारीशेजारी मितालीचं पिवळं हेल्मेट आणि ओळंबा, त्यांनाही कुंकू. जयवंतराव माने, मितालीचे वडील, फेटा बांधून दारात उभे होते. मुलीच्या शेठला पाहून ते हरखले.

"अरे वा, शेठ! आज तर देवच आले. मिताली, पाट मांड. शेठ, आता जेवूनच जायचं. पहिला घास तुमचा. नाही म्हणालात तर तलवारीचा अपमान हां!"

मिताली आतून परात घेऊन आली आणि उंबऱ्यावर थांबली. तिने शेठच्या हातातलं श्रीफळ पाहिलं, पेढ्यांची पेटी पाहिली, शेवटी कुणालकडे पाहिलं. विचारायची गरज पडली नाही. तिच्या चेहऱ्यावर राग आला नाही. जे आलं ते रागापेक्षा थंड होतं.

शेठ हसतच होते. फक्त त्यांच्या नाकपुड्या हलल्या.

"कुणालभाई," ते हळूच म्हणाले, "आ... शेनी वास छे?"

तोच प्रश्न. त्याच सुरात. मिताली परात हातात धरून त्याच्याकडे पाहत होती, अगदी सॅम्पल फ्लॅटमध्ये पाहिलं होतं तशी. आणि कुणालच्या जिभेवर उत्तर तयार होतं. गल्लीत कुणाची तरी फोडणी जळली असेल, शेठ. शेजारचा वास असेल. गटार, रंग, रसायन, काहीही. आयुष्यभर हेच तर शिकला होता तो. आधी खिडक्या. मग पंखा.

त्याने बूट काढले. आठव्या स्लॅबवर काढले होते तसे, एकामागून एक.

"मटणाचा आहे, शेठ," तो म्हणाला. मराठीत. "माळकरी असल्याचं मी खोटं सांगितलं. यांना ठाऊक नव्हतं. माझं नाव मयेकर. मी जन्मापासून मासे खातो, आणि जूनपासून, श्रावण सोडला तर, दर सोमवारी मितालीच्या डब्यातलं मटण. — काका, माझा पाट कुठे मांडू?"

जयवंतरावांना यातलं अर्धंच कळलं. पण एक माणूस जेवायला तयार आहे एवढं कळलं आणि ते पुरेसं होतं. "बस, बस, इथे बस," त्यांनी स्वतःच्या शेजारचा पाट थोपटला.

शेठ रागावले नाहीत. रागावणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. "मने तो कंई वांधो नथी," ते दिलगिरीने म्हणाले. मला काहीच हरकत नाही. "पण बीजा मेम्बर... जुओ ने, शेजारीपाजारी हेरान थाय."

"कोण हैराण होतं?" बाहेरून आवाज आला. शेजारच्या कोमलबेन दारात उभ्या होत्या, हातात नैवेद्याच्या सुखडीची वाटी. जन्मात अंड्याला शिवलेल्या नव्हत्या. "शेठ, हुं परणीने आवी त्यारनी आमची भिंत एक छे. वास आवे तो बारी बंध करीए. बारणुं नहीं."

लग्न होऊन आल्यापासून भिंत एकच. वास आला तर खिडकी बंद करावी, दार नाही.

शेठनी हात जोडले. आज उपवास आहे म्हणाले. श्रीफळ पाटावर ठेवलं आणि फ्लॅट घेऊन गेले.

मितालीने पहिलं ताट कुणालला वाढलं. तिचा चेहरा तसाच थंड होता, नळ्या मात्र दोन वाढल्या.

जेवण झाल्यावर तो अंगणात हात धूत असताना ती तांब्या घेऊन आली.

"मला न विचारता मला माळकरी केलंस."

"हो."

"माझं घर वाचवायला माझंच घर खोटं ठरवलंस."

"हो. चुकलं माझं."

"आणि आता नोकरीही गेली."

"गेली असावी. पेजर वाजायचा थांबलाय."

तिचं हसू ओठांपर्यंत आलं होतं. तिने ते परत पाठवलं. "मी अजून रागावलेय," ती म्हणाली. "शेवटचा स्लॅब होईपर्यंत भेटू नकोस. मुरायला वेळ लागतो."

* * *

दसऱ्याच्या सकाळी सारं शहर फाफडा-जलेबीच्या रांगेत उभं असताना मिताली शेठच्या ऑफिसात उभी होती.

"माझं बुकिंग रद्द का झालं, ते लिहून द्या."

"अरे बेन, एमां लखवानुं शुं? तमे तो मारी दीकरी जेवां..."

"मग मुलीला सांगता येईल असं लिहा. नाहीतर फाटकावर फलक लावा. लाटांच्या खाली. 'इथे अमुक खाणारे टॉवर बांधू शकतात, राहू शकत नाहीत.' सागरिका जेवढ्या मोठ्या अक्षरांत आहे तेवढ्याच मोठ्या अक्षरांत."

शेठ हसले. खिडकीबाहेर पाहिलं. पेपरवेट इकडचं तिकडे केलं.

"जे लिहायची लाज वाटते शेठ, ते विचारायची कशी वाटत नाही?"

शेठनी पेपरवेट पुन्हा जागेवर ठेवलं; त्यांच्याकडे दुसरी इंजिनिअर नव्हती. मितालीने हेल्मेट उचललं. त्याच्यावर कालचं कुंकू तसंच होतं.

"वरचा स्लॅब मी भरणार आहे. तो तुमच्यासाठी नाही. अर्धवट बांधलेलं मी सोडत नाही, म्हणून. भरला की राजीनामा. आणि शेवटच्या स्लॅबचं जेवण या वेळी माझ्याकडून."

शेवटचा स्लॅब भरला की मजुरांना गोडाचं जेवण द्यायचं, ही बांधकामावरची जुनी रीत. शेठ दर वेळी बुंदी पाठवीत. त्यांनी सुटकेचा श्वास टाकला. जेवणाला कोण नाही म्हणेल?

मजूर पंचमहाल जिल्ह्यातले आदिवासी. टॉवरच्या पायाशी, पत्र्याच्या झोपड्यांत त्यांच्या चुली होत्या, आणि त्या चुलींवर जे मिळेल ते शिजे. बाजारचा बोकड, ओढ्यातली मासळी, कोंबडी. सागरिकाची एकूण एक वीट हेच खाऊन वर गेली होती. हा वास कुणाला आला नव्हता. वास यायला माणूस आधी दिसावा लागतो.

दिवाळीच्या अलीकडच्या रविवारी जेवण झालं. वरचा स्लॅब आदल्या दिवशी भरला होता. सकाळी मितालीने बांध घालून त्यावर पाणी सोडलं. मग ती खाली आली आणि चुली कुठे मांडायच्या ते तिने स्वतः दाखवलं — तळमजल्यावर, लिफ्टच्या रिकाम्या विहिरीच्या तोंडाशी. लिफ्ट अजून बसायची होती. खालची गरम हवा त्या पोकळीतून सरळ वर जाते आणि प्रत्येक मजल्यावर डोकावते, हे तिला कलाभवनाने शिकवलं होतं. शिक्षण वाया जात नाही.

उन्हं कलली तसा रस्सा उकळला. भाजलेलं खोबरं, खसखस, लवंग. वास पहिल्या मजल्यावर शिरला, दुसऱ्यावर. तिसऱ्यावर सॅम्पल फ्लॅटमधल्या कापडी फुलांत बसला. सातव्या मजल्यावर पूर्वेच्या फ्लॅटमध्ये सावकाश फिरला, सगळ्या खोल्या पाहिल्या, आणि उघड्या गॅलरीतून बाहेर पडला. आता तिथे कुणीही राहायला येवो. पहिला मुक्काम होऊन गेला होता.

मिताली वर एकटीच उभी होती, अनवाणी, पाण्यात. जिन्यावर पावलं वाजली. दहा मजले चढून आलेल्या माणसाचा श्वास ऐकू आला.

"खाली म्हणाले, मॅडम वर आहेत," कुणाल दम खात म्हणाला. त्याच्या हातात झाकलेलं ताट होतं. "तुझ्या वाट्याचं घेऊन आलोय. वाटेत एक नळी कमी झाली, ती मोजू नकोस."

"सध्या काय करतोस?"

"गोरव्याला एक जण चार मजली बांधतोय. समुद्र-बिमुद्र नाही, साधी घरं. विक्री बघ म्हणाला. मी म्हटलं, एक अट. गिऱ्हाइकाला काय विचारायचं ते मी ठरवणार."

"आणि काय विचारतोस?"

"पाणी गोड हवं की खारं."

आता मात्र ती हसली. मोकळी, मोठ्याने, इतकी की खालच्या मजुरांनी वर पाहिलं. मग तिने ओले हात ओढणीला पुसले, हेल्मेट सरळ केलं, आणि जरा पुढे झुकून, अत्यंत मऊ आवाजात विचारलं —

"अने... खावा-पीवामां तो सादा ने?"

कुणालने ताट कठड्याच्या सळयांजवळ जपून ठेवलं. बूट काढले. पाण्यात उतरला. तिच्यासमोर उभा राहिला, तेव्हा दोघांच्या मधे फक्त आकाशाचा एक तुकडा तरंगत होता.

"नाही," तो म्हणाला. "अजिबात नाही."

"मग..." ती म्हणाली. "बुकिंग पक्कं."

"कुठल्या मजल्यावर?"

"कुठल्याही. मात्र खिडक्या उघड्या."

लिफ्टच्या विहिरीतून वास आता वरपर्यंत आला होता. कोयलीची ज्योत संध्याकाळच्या पाण्यात उतरली होती आणि वाऱ्याबरोबर लाटांवर हलत होती. कुणालने तिचा हात धरला. कोण घसरेल म्हणून, ते या वेळी दोघांनीही विचारलं नाही.